पिन, दांडी आणि सहा नंबरचा रस्ता

पहाटे साडेपाच

दुकान उघडलं की आधी हातात येते ती चिंधी. रात्री गोणपाटाखाली झाकलेल्या पिना, कड्या, साखळ्या टेबलावर मांडायच्या आणि एकेक पुसून घ्यायची. दिवाळी उरकली की एरंडोलला पहाटे चांगलीच थंडी पडते, उघड्या लोखंडावर दव धरतं आणि दोन दिवस लक्ष दिलं नाही तर पिवळा गंज चढतो. गंजलेली नवी पिन गिऱ्हाईक हातात घेत नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.

दुकान महामार्गाच्या सर्व्हिस रोडला, धरणगावच्या फाट्याजवळ. कागदावर या रस्त्याचा नंबर आता 53 आहे, पण आमच्याकडे अजून सगळे 'सहा नंबर'च म्हणतात. सुरतेकडून येतो, धुळ्याला मुंबई-आग्रा रस्त्याला छेदतो, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ करत नागपूरकडे जातो. फागणे ते तरसोद चौपदरीकरण वर्षानुवर्षं रखडलं होतं तेव्हा खड्ड्यांनी माझ्या धंद्याला बरकत दिली. आता रस्ता गुळगुळीत झालाय, पण त्यावरून पोरं भरलेली ट्रॉली ज्या वेगानं पळवतात ते पाहता माझं काम कमी होईल असं दिसत नाही.

काम ट्रॉलीचं. पाटे, हब, बेअरिंग, फाळके सगळंच करतो, पण नाव झालंय ते जोडणीच्या कामासाठी. म्हणजे ट्रॅक्टरचा मागचा हुक, त्यात बसणारी दांडीची कडी, दोघांतून जाणारी पिन, पिनेला अडवणारी क्लिप आणि शेजारची साखळी. सगळं मिळून एका पोत्यात मावेल एवढं लोखंड. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला धरून ठेवतं ते एवढंच.

पुसापुशी झाली की वेल्डिंगचे रॉड बघायचे. 7018 नंबरचे रॉड दमट हवेत ओल धरतात; ओल्या रॉडनं मारलेला टाका वरून छान दिसतो आणि आतून तडकतो. म्हणून ते छोट्या ओव्हनमध्ये गरम ठेवतो. साधे 6013 उघड्यावर चालतात, फाळक्याला आणि फाटकाला तेच वापरतो. दांडीला मात्र ते नाहीत. हाताखालच्या पोराला हे सांगून सांगून थकलो. त्याला दोन्ही सारखेच वाटतात, कारण दोन्ही पेटतात.

सात

पहिली ट्रॉली कापसाची, कासोद्याकडची. तट्ट्याच्या वर हातभर कापूस चढवून जाळी आवळलेली. ट्रॅक्टर बंद न करताच शेतकरी ओरडला, "लवकर कर रे भो, जिनिंगले नंबर लावना शे!"

तक्रार अशी की गिअर बदलला की मागून ढकलल्यासारखं होतं. मी त्याला हातभर पुढे, हातभर मागे घ्यायला सांगितलं आणि बाजूला उभा राहून नुसतं ऐकलं. चांगल्या जोडणीत ट्रॅक्टर हलला की ट्रॉलीही त्याच क्षणी हलते, आवाज एकच आणि जड. इथे आधी ट्रॅक्टर हलला, मग क्षणभर काहीच नाही, मग 'टण्ण'. त्या मधल्या गप्प क्षणात सगळा रोग असतो.

पिन उपसली. वरचा आणि खालचा भाग नवाकोरा, मध्ये कंबर पडलेली. वर्नियर लावला. नवी असताना 30 मिलिमीटर, कंबरेत 26. शेतकऱ्याला चार मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. पण पिन कापली जाताना जोर तिच्या सबंध आडव्या छेदावर येतो आणि छेदाचा हिशेब व्यासाच्या वर्गानं होतो. तीसाचे नऊशे, सव्वीसाचे सहाशे शहात्तर. चार मिलिमीटर झिजले म्हणजे पिनेचा चौथा हिस्सा गेला.

तरीही झिजलेली पिन हा अर्धाच भाग. कडीचं भोकही लांबुळकं झालेलं होतं, त्यामुळे आत बोटभर खेळ. उभ्या ट्रॉलीचं वजन पिन मुकाट्यानं ओढते. पण खेळ असला की प्रत्येक गिअरला, प्रत्येक गतिरोधकाला ती भरलेली ट्रॉली तेवढं अंतर धावत येऊन पिनेवर आदळते. ओढणं वेगळं, आदळणं वेगळं. घण नुसता ठेवला तर खिळा जात नाही, मारला तर जातो. आदळल्यानं भोक वाढतं, भोक वाढलं की धाव वाढते, धाव वाढली की मार वाढतो. पहिली चार वर्षं जी पिन हललीही नाही, ती शेवटच्या चार महिन्यांत संपते, याचं कारण हे. लोक म्हणतात, 'मिस्त्री, एकाएकी गेली.' एकाएकी काही जात नसतं.

"चाली राह्यनं ना, मंग कसाले बदलानं?" दिवसातून किती वेळा ऐकतो. चालत असतं हे खरंच. माझी अडचण अशी की न चालण्याचा दिवस आला की तो गतिरोधकावर येतो, आणि ट्रॉलीमागे मोटारसायकलवर कुणीतरी असतं.

आता कडीचं भोक लेथवर गोल करून त्यात बुश ठोकायचा तर तास-दोन तास जातील आणि जिनिंगचा नंबर जाईल. म्हणून मापाची नवी पिन घातली, साखळी तपासली आणि कडीसाठी संध्याकाळी रिकामी ट्रॉली घेऊन यायला सांगितलं. क्लिपच्या जागी त्यानं वाकवलेला खिळा घातला होता. खिळ्याचं एक बरं असतं, पडला तरी दुःख होत नाही. पण तो पडला की पिन मोकळी. खड्ड्यात दांडी वर उडाली की पिनही वर येते. क्लिपची किंमत दोन चहांची. ती मी बिलात धरतच नाही, नुसती लावून देतो, नाहीतर त्यावर पाच मिनिटं घासाघीस होते.

साडेआठ

एकजण मोडलेल्या पिनेचे दोन तुकडे फडक्यात बांधून आला. जोडून द्या म्हणाला.

पिन मी जोडत नाही. यावर दुकानात भांडणं झाली आहेत, गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली आहेत, तिथे जोडूनही मिळाली आहेत. पिन चांगल्या पोलादाची, बहुतेक ईएन-8 ची असते. वेल्डिंगनं टाक्याच्या आजूबाजूचा पट्टा तापतो आणि भराभर थंड होऊन काचेसारखा कडक होतो. कडक म्हणजे मजबूत असं लोकांना वाटतं. पिनेला धक्का सोसायचा असतो आणि कडक लोखंड धक्क्याला वाकत नाही, सरळ मोडतं. चांगली पिन मोडण्याआधी वाकते. वाकलेली पिन भोकातून निघत नाही, ठोकून काढावी लागते, तेवढ्यानंच मालकाला कळतं की काहीतरी बिघडलंय. जोडलेली पिन असं काही कळवत नाही.

त्याहून वाईट सवय म्हणजे बांधकामाच्या सळईचा तुकडा कापून पिन म्हणून घालणं. घर बांधून उरलेली सळई प्रत्येकाच्या अंगणात असतेच. ही टीएमटी सळई बाहेरून कडक आणि आतून मऊ अशी मुद्दाम बनवलेली असते, सिमेंटला धरायला अंगावर कंगोरे असतात. सिमेंटमध्ये ती उत्तम. कडीच्या भोकात मात्र ती सगळ्या अंगानं टेकत नाही, कंगोऱ्यांवर टेकते. कंगोरे दोन दिवसांत घासून जातात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बोटभर खेळ. शिवाय कंगोरे जाताना कडीचं भोकही खरवडून जातात. पन्नास रुपये वाचवून मालक हजाराचं काम घेऊन येतो. मला तक्रार करायचं कारण नाही, पण कीव येते.

माणूस ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मिस्त्री, नवी किती?" सांगितली. घेतली. तुकडेही परत नेले, कशाला कुणास ठाऊक.

दहा

शांत वेळ. या तासाला दांड्यांची तपासणी करतो. नवी ट्रॉली बनवायला दिलेल्यांना घाई असते, दुरुस्तीवाल्यांना त्याहून घाई असते. तपासणीला येणारा माणूस मात्र निवांत असतो, कारण त्याची ट्रॉली धड असते.

चीर शोधायची आमची रीत जुनी आहे. दांडी जिथे चॅनलला मिळते तो कोपरा वायर ब्रशनं चकचकीत करायचा. पातळ तेल, पूर्वी रॉकेल, आता डिझेल, त्यावर चोपडायचं आणि थोडा वेळ सोडायचं. मग फडक्यानं अगदी कोरडं पुसायचं आणि खडूची भुकटी पाण्यात कालवून वर सारवायची. वाळून पांढरं झालं की बाजूला हलकी हातोडी मारायची. चीर असली तर आत शिरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसाएवढी काळपट रेघ उमटते. आता लाल रंगाचे आणि पांढऱ्या पावडरीचे फवारे मिळतात, काम तेच, पैसे जास्त. ही खडूची रीत रेल्वेच्या कारखान्यांत वाफेच्या इंजिनांपासूनची. आमच्या भागात ती भुसावळहून आली असणार. तिथे निवृत्त झालेले फिटर या पट्ट्यात गावोगाव आहेत आणि चहा पाजला तर बरंच काही शिकवतात. रेल्वेत डब्याची जोडणी तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही, त्याला वेगळा माणूस, वेगळी नोंद. ट्रॅक्टरला कोण आहे? शेतकरी स्वतः, आणि त्याला डोळ्यांसमोर दिसतो तो पुढचा रस्ता.

आज एका दांडीत रेघ निघाली. खताची ट्रॉली. खताची पोती फुटतात, युरिया सांडतो, दव पडलं की त्याचं पाणी होऊन चॅनलच्या खोबणीत साचतं आणि लोखंड खातं. वरून रंग शाबूत, खालून पापुद्रे. मालकाला बोटानं पापुद्रा काढून दाखवला तेव्हा तो खाली बसून बघायला लागला. खत वाहून झालं की ट्रॉली पाण्यानं धुवा, एवढंच. फवारणीचा पंप धुतात तशी ट्रॉली कुणी धुताना मी पाहिलेलं नाही.

ग्रीसबद्दलही हेच. नव्यावर नवं ग्रीस चोपडत राहतात. आमची काळी माती बारीक, ती जुन्या ग्रीसमध्ये बसते आणि त्याची घासायची पेस्ट तयार होते. आधी जुनं पुसा, मग नवं लावा, तेही बोटभर नको, हात फिरवल्याएवढं.

एक

कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. पोरगा मोबाइल बघत जेवतो. परदेशात लोक घराएवढी मोटार घेऊन हिंडतात आणि तिच्यामागे आपली कार ओढत नेतात, तसला व्हिडिओ त्यानं मागे एकदा दाखवला. मोटारीचं कौतुक राहू द्या, मी मध्येच थांबवायला लावून जोडणी बघितली. पिन, पिनेला क्लिप, दोन साखळ्या आणि त्या दांडीखालून एकमेकींना छेदून बांधलेल्या. छेदून का, तर जोडणी सुटलीच तर दांडीचं टोक जमिनीत रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडावं. आपल्याकडे ट्रॉलीला साखळी असते तीच मुळात एक, आणि तीही बऱ्याचदा दांडीवर हारासारखी गुंडाळलेली. तेव्हापासून मी दोन देतो आणि छेदून देतो. गिऱ्हाईक विचारतं, उलटी का बांधली?

दोन

फोन. पिंपळकोठ्याच्या पुढे एक कार बंद पडलीय, कुटुंब आहे, टोचन करून आणाल का?

टोचनच्या कामाला मी लोखंडी दांडी नेतो, दोर नाही. दोरानं ओढायचं तर मागच्या गाडीच्या ब्रेकवर भरवसा लागतो आणि इंजिन बंद असताना तो नसतो. इंजिनाच्या ओढीवर चालणारा ब्रेकचा बूस्टर दोन-तीनदा पाय दिला की संपतो, मग पेडल दगडासारखं लागतं. स्टिअरिंगही जड होतं. पुढची गाडी थांबते, मागची थांबत नाही आणि बोनट जातं. दांडी असली की निदान अंतर तेवढंच राहतं. 1989 च्या रस्त्याच्या नियमांत ओढणाऱ्या आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी 24 किलोमीटरच्या आत आणि मागे 'ऑन टो' अशी पाटी, अक्षरं किमान 75 मिलिमीटर उंच, असं सांगितलं होतं. पाटी माझ्याकडे आहे, पत्र्यावर रंगवलेली. तिला हसतात लोक.

कार ऑटोमॅटिक निघाली. मालक सुरतेचे, शेगावला चालले होते. त्यांना वाटलं न्यूट्रलला टाकलं की झालं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे गिअरबॉक्स कोरडा फिरतोय. पाच-दहा किलोमीटरमध्ये इंजिनाच्या किरकोळ बिघाडाचा गिअरबॉक्सचा मोठा बिघाड होतो. विजेच्या गाड्यांचं तर आणखी वेगळं, चाकं फिरली की मोटारच वीज बनवायला लागते. अशा गाड्या पाठीवर घेऊन जाणारी सपाट गाडी बोलवायची. काका तयार होईनात. "अहो, दहा किलोमीटरचा तर प्रश्न!" मी म्हटलं, काका, मला टोचनचे पैसे मिळतील, तुम्हाला गिअरबॉक्सचे भरावे लागतील. काकू गाडीतून उतरून म्हणाल्या, "ते सांगतायत ते ऐका." धुळ्याहून गाडी मागवून दिली.

गाडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेनं आत तरी घ्यावी म्हणून ओढायची कडी शोधली. नव्या गाड्यांना ती बाहेर दिसत नाही. स्टेपनीशेजारी हत्यारांच्या थैलीत असते, बंपरवरचं चौकोनी झाकण उचकटायचं आणि तिथे ती आट्यांनी घट्ट बसवायची. काही परदेशी बनावटीच्या गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवून आवळायची. हे माहीत नसलेला माणूस जोर लावून आटे खराब करतो. काकांनी ती कडी पहिल्यांदाच पाहिली. गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये जसंच्या तसं होतं.

चार

हे आजचं मोठं काम, आणि दर वर्षी या दिवसांत येतंच.

ऊसतोडीची टोळी. जामनेरकडच्या तांड्यांवरून निघालेली, बारडोलीच्या बाजूला जाणार. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. पुढच्या ट्रॉलीत माणसं, लेकरं, गोधड्या, चूल, पिठाचे डबे. मागच्यात बांबू, ताडपत्र्या, पाचटासाठी दोर, दोन शेळ्या आणि एक मोटारसायकल आडवी बांधलेली. पाच-सहा महिन्यांचं घर चाकांवर. ट्रॉलीत माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, मुकादमालाही माहीत आहे, मलाही. उचल घेतलेली असते, कारखान्याची तारीख ठरलेली असते आणि एवढं सामानसुमान घेऊन एसटीत कुणी घेत नाही. माझ्या हातात जे आहे ते मी करतो.

दोन ट्रॉल्या असल्या की हिशेब बदलतो. मागच्या ट्रॉलीची पिन फक्त मागचीला ओढते. पुढची पिन दोन्हींना. म्हणजे सगळ्यात जाड पिन पुढे पाहिजे, आणि बहुतेकांकडे उलटं असतं: पुढची जुनी, मागची ट्रॉली नंतर घेतलेली म्हणून तिची पिन नवी. मुकादमाकडे तसंच होतं. पिना अदलाबदल करता येईना, भोकं वेगळी. पुढच्या कडीत बुश ठोकला आणि नवी पिन दिली.

मग पुढच्या ट्रॉलीचा मागचा हुक. याच्याकडे कुणी बघत नाही. ट्रॅक्टरचा हुक कंपनीनं बनवलेला असतो. ट्रॉलीचा मागचा हुक गावात कुणीतरी चार बोल्टांवर बसवलेला. बोल्टांचे माथे पुसले. दोनांवर 8.8 असा आकडा, दोन अगदी बोडके. बोडका बोल्ट म्हणजे काय ताकदीचा कुणालाच माहीत नाही. चारही बदलले, प्रत्येकाला चेकनट. हुकावर वेल्डिंगचा टाका मारून द्या, अजून पक्का होईल, असं मुकादम म्हणत होता. मी नाही मारला. बोल्ट सैल झाला की दिसतो, टाका तडकला की दिसत नाही.

ट्रॅक्टरवर त्यांच्यातलाच एक पोरगा, विशीचा. त्याला बाजूला घेतलं. या दोन ट्रॉल्यांना ब्रेक नाहीत. सगळं थांबवणं ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर. चढावर दांडी ताणलेली असते, तिथे फारसं भय नाही. उतारावर ट्रॉल्या मागून ढकलतात, खेळ तिथेच आदळतो आणि वळणावर ढकललं की ट्रॅक्टर आडवा होतो. धुळ्यानंतर साक्री, मग कोंडाईबारीचा घाट. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नको. आणि ब्रेकची दोन पेडलं? त्यानं खाली बघितलं. शेतात वळायला सोपं जावं म्हणून डावं-उजवं पेडल वेगळं असतं. रस्त्यावर आलं की मधली खिटी लावून दोन्ही एक करायची. नाहीतर घाईत पाय एकावरच पडतो, एकच चाक धरतं. त्याची खिटी उघडी होती. लावली. खिटीत माती भरून ती बसत नव्हती, ती आधी खरवडली.

पुढची ट्रॉली दोन चाकांची, म्हणून सामानाकडेही बघावं लागलं. दोन चाकांच्या ट्रॉलीत वजन थोडं पुढे पाहिजे, म्हणजे दांडी हुकावर दाबून बसते. वजन मागे गेलं की दांडी ट्रॅक्टरचं ढुंगण उचलायला बघते आणि मागच्या चाकांची पकड जाते. त्यांनी पिठाचे डबे आणि ज्वारीची पोती अगदी मागे ठेवली होती, काढायला सोपी म्हणून. बायकांनी सगळं उतरवलं आणि पुन्हा लावलं. त्यातली एक मला काही बोलली, त्यांच्या भाषेत. मला अर्थ लागला नाही, सूर लागला. पोती उचलायची मेहनत तिची होती.

उतरवताना आधी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावायला सांगितलं आणि दांडीखाली ठेपा. भरलेली ट्रॉली पुढून रिकामी करत गेलं की मागचा भार जिंकतो आणि दांडी उसळते. हनुवटीवर दांडी बसलेले लोक मी पाहिले आहेत.

दोन साखळ्या छेदून बांधल्या. लांबी अशी की वळताना ताणू नयेत आणि सरळ जाताना रस्त्याला लागू नयेत. मागच्या फळीवर लाल परावर्तक पट्टी डकवली, कारण ही मंडळी रात्री दोनला निघणार होती. रस्ता मोकळा असतो म्हणतात. मोकळा असतो म्हणूनच मागून येणारा कंटेनर जोरात येतो. एक लहान मुलगा चिकटवलेल्या पट्टीवर मोबाइलचा उजेड मारून बघत होता, चमकली की हसायचा.

साडेसहा

कासोद्याचा शेतकरी रिकामी ट्रॉली घेऊन आला. खरंच आला, याचं मला आश्चर्य वाटलं. दहातले फार थोडे परत येतात. जिनिंगला भाव कसा मिळाला ते त्याच्या तोंडावर दिसत होतं, विचारलं नाही. कडी गरम करून काढली, लेथवर भोक गोल केलं, बुश थंड असतानाच दाबून बसवला. ट्रॅक्टर हातभर पुढे-मागे केला. एकच जड आवाज.

"आते बरं वाटस," तो म्हणाला. मग हुकाकडे बघून विचारलं, वरच्या जागी दांडी लावली तर ट्रॉली उंच राहील का, चिखलातून काढायला? वरच्या जागी म्हणजे टॉप लिंकच्या भोकात. असं कधीच नाही. ओढ मागच्या आसाच्या खालून असली तर ट्रॅक्टर जमिनीला दाबला जातो. आसाच्या वरून ओढलं आणि ट्रॉली चिखलात अडली, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि तो चालकावर उलटतो. हे व्हायला एवढा कमी वेळ लागतो की क्लच दाबायचं सुचत नाही. त्यानं मान हलवली. पटलं की नाही ते पावसाळ्यात कळेल.

आठ

शटर अर्धं ओढून वही उघडली. कापसाची ट्रॉली, रोख. खताची दांडी, अर्धे आज, अर्धे काम झाल्यावर. काकांच्या कारचे फक्त जाण्या-येण्याचे. मुकादमाची पिन, बुश, चार बोल्ट, दोन साखळ्या आणि परावर्तक पट्टी. क्लिपा लिहिल्या नाहीत. त्याच्या रकमेपुढे तारखेच्या जागी 'पट्टा पडल्यावर' असं लिहिलं, म्हणजे कारखाना बंद होऊन टोळी परत येईल तेव्हा, मार्च-एप्रिल. पोरगा म्हणाला, एवढी उधारी कशाला? म्हटलं, परतीला याच रस्त्यानं येणार आहेत, आणि तोपर्यंत मागच्या कडीचा बुश बदलायला आलेला असेल.